उचलून लावायचं दार

ऐक, मध्ये अजिबात बोलू नकोस. फोन वाजला तेव्हा ती नखांवरचं जुनं नेलपेंट खरवडत बसली होती. पाच वाजून वीस मिनिटं. छापखान्यावरची हेल्पलाइनची दोन टेबलांची खोली, खालून मशीनची धडधड. समोरच्या टेबलावर कॅप्टन, म्हणजे तिच्यासोबत काम करणारी, रडणाऱ्या कुणाला तरी फोनवर समजावत होती. दोघींनी पूर्वी कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवायचं काम केलेलं. म्हणून तर त्यांना फोनवर बसवलेलं. या कामातल्या बायका डॉक्टरला सांगत नाहीत ते यांना सांगतात. नाव विचारायचं नाही. आणि भिंतीवर एक नियम: आवाज ओळखीचा वाटला की लाल कार्ड वर करायचं, फोन दुसरीकडे द्यायचा. तिथल्या तिथं.

"बोला ताई."

पलीकडून दबक्या आवाजात, "एक मिनिट हं, दार लावते."

खर्रर्र. धप्प. परत खर्रर्र. मग हँडल धरून दार वर उचललं की येतो तसा कण्हल्यासारखा आवाज, आणि खटका.

ते दार तिनं शाळेत असल्यापासून उचलून लावलं होतं. तिचीच खोली ती! तीन वर्षांपूर्वी त्याच दारातून बॅग घेऊन निघाली होती. म्हणजे ही वहिनी. सख्ख्या दादाची बायको.

हात कार्डाकडे गेला. कॅप्टननं बोटांनी खूण केली, दहा मिनिटं थांब.

"कॅमेऱ्यावर बघणारा एक जण म्हणतो भेटायला ये," वहिनी भडाभडा बोलायला लागली. "नाहीतर सहा वाजता माझं रेकॉर्डिंग नवऱ्याला पाठवणार. जाऊ का मी? एकदाच. मिटेल ना?"

"नाही मिटणार." आवाज मुद्दाम जाड काढलेला. "एकदा गेलीस की तो परत बोलावणार. मेसेज पुसू नकोस, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव, उत्तर देऊ नकोस. पोलिसांत जाऊ आपण, मी येते सोबत. पण त्याच्या हातात धमकी एकच आहे, नवऱ्याला कळेल. ते तूच आधी सांगून टाक."

"वेड लागलंय का तुम्हाला? ताई, माझी नणंद हेच करायची. तिचा व्हिडिओ घरात मीच दाखवला. सासूबाईंनी डोकं आपटून घेतलं, ह्यांनी बॅग भरली. चेन लागत नव्हती, ती मी लावून दिली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

अगं, व्हिडिओ शेजारच्या क्लासवाल्या सरांनीच दाखवला असं समजून तीन वर्षं ही त्यांना शिव्या घालत होती! आणि आता सूड घ्यायला एक शब्द पुरला असता. ये जाऊन, मिटेल. बास. कार्डाचा कोपरा तळहातात रुतला होता.

"नवरा किती वाजता घरी येतो?"

"साडेपाच."

"मग ऐक. बूट काढत असताना काही बोलू नकोस, तेव्हा तो नुसता ओरडतो. तोंड धुऊन येईल, ओल्या हातानं मान पुसेल, तेव्हा सांग. तेव्हा ऐकतो."



"मान पुसतात हे तुम्हाला कसं माहीत?"

सगळेच पुसतात, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. समोर कॅप्टननं फोन ठेवला आणि हात पुढे केला. दे इकडे.

"वन्सं?" वहिनी अगदी हळू म्हणाली.

आणि तेवढ्यात पलीकडे खर्रर्र. खटका नीट बसला नव्हता, दार आपोआप उघडलं. लांबून जिन्यावर बुटांचा आवाज.

"आले! थांबा, दार लावते, मी..."

हिनं लाल कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"वहिनी, राहू दे उघडं. मी फोनवर आहे."

आता तू सांग. खरं खरं हं. तू असतीस तर कॅप्टनला फोन दिला असतास?