तिसऱ्या आट्याला अडणारा बोल्ट

दोन आटे छान जायचे, तिसऱ्याला अडायचं. बोल्ट शहाडच्या भंगारवाल्याकडचा असो की कल्याणच्या चकचकीत दुकानातला, रडगाणं तेच. रिटायर होऊन मी आबांची मॉरिस गाडी उघडली आणि दोन महिने एका बोल्टपायी डोक्याचा भुगा करून घेतला.

आबा म्हणजे माझे वडील. गाडी अठ्ठेचाळीस सालची, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या इमारतीमागे शेडमध्ये चव्वेचाळीस वर्षं झाकून ठेवलेली. ती माझ्यामुळे बंद पडली, असं आबा अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी सोळा वर्षांचा होतो. पाण्याचा पंप इंजिनाला धरणाऱ्या चार बोल्टांपैकी एक हरवला. आबांनी नवा आणला, मी तो आवळला आणि भोकातले आटेच गेले. "ह्याच्या हाताला यंत्र कळत नाही," आबा म्हणाले, आणि माझा मेकॅनिकल डिप्लोमाचा भरलेला फॉर्म तसाच कपाटात राहिला. मी कॉमर्सला गेलो. पुढची पस्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या अपघातांच्या फायली चाळल्या.

गाडी चालली नसती तरी मला चाललं असतं. माझा हात खरंच वाईट होता का, एवढंच मला कळायला हवं होतं.

ठाकुर्लीला स्वप्ना भेटली. पस्तिशीची असेल, वडिलांच्या मागे त्यांचा लेथ, लोखंड कातायचं मशीन, तीच चालवते. उरलेल्या तीन मूळच्या बोल्टांपैकी मी नेलेला एक तिने आधी पान्यात धरला.

"डोकं इंचाच्या मापाचं आहे."

"सगळे हेच सांगतात आणि इंचाचे बोल्ट गळ्यात मारतात."

तिने गेज काढला. कंगव्यासारखे दाते असलेल्या पात्यांचा जुडगाच तो. जी पाती आट्यांत नीट बसेल ते बोल्टचं माप. एकेक इंची पाती लावून ती बोल्ट उजेडाकडे धरायची आणि नाक मुरडायची. "फट दिसतेय." मग तिने दुसरा जुडगा उचलला, मिलिमीटरचा.

"अहो, गाडी इंग्लंडची आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"काका, ते बोल्टला कुठे माहितीय?"

मिलिमीटरची एक पाती अगदी चपखल बसली. कुठूनही उजेड दिसेना. मी तीनदा बघितलं.

डोकं इंचाचं आणि आटे मिलिमीटरचे! हा काय आचरटपणा, म्हणून मी तिथेच स्टुलावर बसून मोबाइलवर शोधलं. इंजिनाच्या कारखान्यात मशिनं फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरच्या, मापांची होती. ती बदलण्यापेक्षा त्यांनी आटे फ्रेंच ठेवले आणि डोकी मात्र इंग्लिश मेकॅनिकच्या पान्याला बसतील अशी केली. इंचाचा बोल्ट त्यात दोन आटे जाणार, मग अडणार, आणि जोर लावला तर भोक खराब होणार. कोणाचाही हात असो.

स्वप्नाने समोरच चार बोल्ट करून दिले. खराब भोकही येऊन दुरुस्त करीन म्हणाली.

घरी आलो तो थेट शेडमध्ये. आबांना खुर्ची टाकून दिली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण कान तिखट. धडक्या भोकात नवा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला. तिसरा आटा गेला, चौथा गेला, पार शेवटपर्यंत गेला.

"आबा, तुम्ही आणलेला बोल्ट चुकीचा होता. हे आटे मिलिमीटरचे आहेत."

आबांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हाच. आठ दिवसांनी जुना बोल्ट घेऊन दुकानात गेलो होतो. त्याने मापून सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तोवर तुझी कॉमर्सला अ‍ॅडमिशन झाली होती."

मला राग आला. इतका, की हातातला पाना खाली ठेवावा लागला. मी तिथेच, त्यांच्यासमोर, स्वप्नाला फोन लावला.

"काय काका, बसला नाही का बोल्ट?"

"बसला. मला लेथ शिकवाल?"

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

"वय काय तुमचं?"

"साठ."

"सोमवारी दहाला या. आणि हाफ शर्ट घाला, मशीन बाही ओढतं."

आबा सगळं ऐकत होते. मी फोन त्यांच्यापासून लांब नेला नाही.