दोन माणसांची मोटार

गयास मिस्त्री माझ्या मोटारीखालून बाहेर आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "वकीलसाब, गाडी नंबर एक आहे. फक्त हिला रोज विचारावं लागतं, बाई, आज तब्येत कशी?" पैठण दरवाज्याजवळ त्याचं दुकान होतं. दर शुक्रवारी नमाज आटोपून तो माझ्याकडे येई, कारण शुक्रवार उजाडेपर्यंत मोटारीचं काही ना काही बिघडलेलं असेच.

ही मोटार मी हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या मुलाकडून घेतली. त्याने ती पाच वर्षं पिदडून काढली होती. विलायती, शर्यतीची, गडद हिरवी, जमिनीला चिकटून चालणारी आणि दोनच माणसं बसतील एवढी. औरंगाबादेत तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यात अशी एकच. तिचे टायर मुंबईहून यायचे, इंजिनाचं तेल सिकंदराबादहून. समोरच्या काचेखाली पाच घड्याळं होती. त्यांतलं एक तेलाचा जोर दाखवायचं, ते कधी शून्यावर पडायचं तर कधी उगाच थरथरायचं. गयासने दोनदा खोलून पाहिलं आणि सांगितलं, काट्याकडे लक्ष देऊ नका, इंजिनाचा आवाज ऐका. मीही मग त्या घड्याळाकडे बघणं सोडलं.

बायको गेल्यावर आठ महिन्यांत मी ही खरेदी केली. कचेरीतले लोक पाठीमागे म्हणत, आप्पासाहेब वकिलांना म्हातारचळ लागला. म्हणोत बापडे. बावन्नाव्या वर्षी माणसाने काय करायचं याचा कायदा मी तरी वाचलेला नाही. खरी गोष्ट अशी की घरात आवाज उरला नव्हता. सकाळी स्वयंपाकाला साळूबाई यायची, ती दुपारी गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसे. मोटार बघायला माणसं जमायची, दिवे पुसून बघायची, पण घरात कोणी यायचं नाही. शुक्रवारी गयास यायचा, अंगणात बसून चहा प्यायचा, प्लग साफ करता करता आपल्या पोरींच्या तक्रारी सांगायचा. मला आठवड्यात तेवढंच बोलणं पुरवून खावं लागे.

त्या वर्षी, म्हणजे सन अडतीसच्या थंडीत, माझी एकुलती एक मुलगी आशा पहिलटकरीण होती. तिला लासूर स्टेशनला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आणायचं, तर तिच्या सासू सारजाबाईंचं मन घेईना. "तुमच्या घरी बाई माणूस नाय. लेकीचं करणार कोण?" मी साळूबाईला चोवीस तास ठेवून घेतलं, सुईण सांगून ठेवली, माजघर चुन्याने रंगवलं, अळीव आणि डिंक आणून डबे भरले. तीन खेपा झाल्यावर सारजाबाई कशाबशा तयार झाल्या. पण त्यांच्या हिशेबाने शुक्रवारी आठवा महिना लागत होता.

"आठव्यात आम्ही पोरीला वेशीबाहेर काढत नाय. गुरुवारी बाराच्या आत मुराळी आला तर पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि रेल्वेनं या. तुमचा तो खेळ इथं आणू नका."

मुलीला न्यायला जाणारा मुराळी म्हणजे भाऊ. आशाला भाऊ नाही, म्हणून मुराळी मीच. आणि 'खेळ' हा शब्द माझ्या मनाला लागला. ही बाई बायको गेल्यापासून माझ्याकडे अशी बघायची, जणू मी कोणाच्या तरी ओसरीवर टाकून दिलेलं पोर आहे. तिच्या दारात एकदा ती मोटार उभी करायचीच, असं मी ठरवून टाकलं. आशासाठी जाड कापसाची गादी शिवून घेतली.

बुधवारी गयास मुद्दाम आला. इंजिनातली तेल मोजायची सळई तपासून म्हणाला, "तेल कमी झालंय साब. डबा शनिवारी येणार. तोपर्यंत हिला हलवायचं नाही. ताईंना आणायला रेल्वेनं जावा, तासाभराचं तर काम."

मी बरं म्हटलं. गुरुवारी पहाटे मात्र मला जहागीरदाराच्या मुलाचं बोलणं आठवलं. शर्यतीच्या दिवशी आम्ही हिला एरंडेल पाजायचो, असं तो ऐटीत सांगायचा. फुलंब्रीला माझं स्वतःचं एरंडीचं शेत, घाण्याचं तेल घरात डबाभर. वकिलाच्या डोक्याला एवढा पुरावा पुष्कळ झाला. मी दोन तांबे एरंडेल इंजिनात ओतलं आणि आठला निघालो.

दौलताबाद मागे पडेपर्यंत ती अशी चालली की मी एकटाच मोठ्याने हसत होतो. पुढे तेलाचा काटा खाली आला. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही, कारण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. मग तो शून्यावर पडला. लासूर दीड कोसावर असताना इंजिनातून लोखंड आपटल्यासारखा आवाज आला, धूर निघाला, आणि मोटार जागच्या जागी थांबली. साडेनऊ वाजले होते.

चालत गेलो असतो तर साडेदहाला आशाच्या दारात पोचलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण धुळीने भरलेले जोडे घेऊन, हातात काठीसुद्धा नसताना, सारजाबाईंसमोर पायी जाऊन उभं राहायचं, हे माझ्याच्याने होईना. त्यात आसपासच्या वस्तीवरची माणसं गोळा झाली, कोणी दिव्याला हात लावतंय, कोणी आरसा हलवून बघतंय. मी गेलो तर ही मोटारीचे तुकडे घेऊन जातील, असं मी मनाशी घोकत राहिलो. पुंजाराम नावाचा एक गाडीवान स्टेशनकडे चालला होता. गयासला तार करायला मी त्याच्याजवळ चिठ्ठी दिली. मुलीच्या घरी मात्र काही सांगू नकोस, असंही बजावलं. बारा वाजले. मी मोटारीतच बसून होतो, शेजारी आशाची गादी.

गयास दुपारच्या गाडीने लासूरला उतरून चालत आला. त्याने झाकण उघडलं, सळई काढली, बोटावर तेल घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"एरंडेल घातलं?"

"शर्यतीत घालतात म्हणून..."

"शर्यतीत आधीचं सगळं काढून, इंजिन धुऊन मग घालतात साब. त्यात दुसरं तेल नसतं. दोन्ही मिसळलं की फाटतं, गुठळ्या होतात, नळ्या तुंबतात. काटा पडला नाही का?"

"पडला."

त्याने फडक्याने हात पुसले आणि मग विचारलं, "ताई कुठं आहेत?"

मी सांगितलं. सकाळपासून इथेच बसलो आहे, मोटार सोडून कसा जाणार, कोणी पळवली असती.

"कोण पळवणार होतं?" गयास हळू म्हणाला. "ती तर चालत नाही."

संध्याकाळी बैल जुंपून मोटार वस्तीवर नेली. शुक्रवारी सकाळी मी पायी लासूरला गेलो. ओसरीवर आशाचं बोचकं नव्हतं, ते सोडून झालं होतं. तिने मला पाणी दिलं.

"आप्पा, मी काल रेल्वेच्या दोन्ही गाड्यांची वाट बघितली. पातळ नेसून बारापर्यंत बसले होते. मोटार बंद पडली म्हणे, कुठं?"

"दीड कोसावर."

"मग चालत का नाही आलात?"

मी म्हणालो, "मोटार तिथं एकटी कशी सोडायची?" तोंडातून गेलं आणि मग ते माझं मला ऐकू आलं. आशा खाली बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि मला लाज वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी.

सारजाबाई दारात उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नवव्यातबी नाय पाठवत आता," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरात बाई नाय, त्याचं मी चालवून घेतलं होतं. पण न्यायला येणारा माणूस तरी यावा. बाळंतपण हितंच व्हईल. तुम्ही बारशाला या."

मी जेवून निघालो, दुपारच्या रेल्वेने घरी आलो. साळूबाईने माजघरात बाज टाकून ठेवली होती, शेगडी पेटवून खोली उबदार केली होती. मला एकट्याला बघून ती दाराबाहेर डोकावली, टांग्यात कोणी आहे का ते बघायला.

"आठवा लागला," मी म्हणालो. "उद्यापासून तू आपली स्वयंपाकापुरती ये."

"काय हरकत नाय," ती म्हणाली. "नवव्यात आणू की ताईसाहेबांना."

मी हो म्हटलं. ती शेगडीतले निखारे विझवून घरी गेली.