वीस गुंजा

अमेरिकेत लढाई चालली होती आणि आमच्या वऱ्हाडात कापूस जाऊन चांदी येत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी अमरावतीचा सोनार. मला अक्षर येत नव्हते, काटा येत होता. सराफ्यात दोघांचे वजनावरून भांडण लागले की तिसरा म्हणायचा, "चला गोवर्धनकडे." माझी कमाई म्हणावी तर एवढीच.

वलगावच्या नत्थुजीला विहीर खोदताना मडके लागले. आत चांदीची एकतीस नाणी, नखाएवढी. एका अंगाला मिशीवाला राजा, भोवती कोणालाही न लागणारी अक्षरे. त्याने ती माझ्यापुढे ओतली.

"वितळव गा. बाईले गोठ करून दे."

अब्दुल गफ्फार तेव्हा दुकानात बसला होता. अकोल्याला कापूस घेणाऱ्या एका साहेबाचा तो दुभाष्या. त्याने एक नाणे उजेडात धरले.

"थांबा, नत्थुजी. आमचा साहेब याच्यासाठी पागल हाय. एकेकाचे दहा रुपये देते."

"तीन आण्यांची चांदी नाही याच्यात," मी म्हणालो.

"तो चांदी नाही पाहत, भाऊ, वजन पाहते. कोण्या यवन, म्हंजे ग्रीक, राजाचं नाणं किती वजनाचं, हे सारं त्याच्या पुस्तकात हाय. आपल्या मुलखात सापडते ते वीस गुंजांचं, असं मले सांगत होता."

नत्थुजीने नाणी माझ्या हवाली केली. ती मी एकेक तोलली. सर्वांत जड अठरा गुंजा, सर्वांत हलके साडेसोळा. वीस एकही नाही.

आमच्या घरची रीत अशी, की दागिना हातात आल्यावर त्यात तूट निघाली, तर पदरची चांदी घालून ती भरायची. बापाने तुटीचा माल कधी कोणाच्या हातात दिला नाही. मी दहा दिवस बसून प्रत्येक नाण्याच्या पाठीला चांदीचा पातळ पत्रा डाख देऊन चिकटवला, कडा घासून एक केल्या. राजाच्या तोंडाला हात लावला नाही. तोळाभर चांदी माझी गेली.

"राजानं कमी घातली, तर तुमी कावून भरता?" जमुना, माझी बायको, म्हणाली.

"साहेब म्हणेल, सोनारानं खाल्ली."

अकोल्याला साहेबाच्या टेबलावर काचेच्या पेटीत काटा होता. मी हातभर काटा वापरणारा, मला तो खेळण्यासारखा वाटला. पहिले नाणे वीस भरले. साहेबाने पुस्तक उघडून पाहिले आणि हसला. दुसरे वीस, तिसरे वीस. पाचव्याला त्याचे हसू गेले. नाण्याऐवजी तो माझ्याकडे पाहू लागला. मग भिंग काढले, चाकूचे टोक कडेला घातले. पत्रा निघून टेबलावर पडला.

"विचारते, जुनी नाणी सारी सारखी कशी?" गफ्फार म्हणाला.

"मी भरली," मी मान वर करून सांगितले. मला वाटले, तो खूश होईल.

साहेब बराच वेळ बोलला. गफ्फारने खाली पाहत सांगितले, "ही यवनांची नाहीत म्हणते. त्यांच्या मागून आलेल्या राजाची. त्यांच्याच चालीवर पाडली, पण हलकी. किती हलकी, तेच त्याले पाहिजे होतं. तुमी तेच बुजवलं."

"मले याद हाय ना! हे साडेसतरा होतं. हे सतरा. हे—"

गफ्फारने ते सांगितले. साहेबाने थोडक्यात उत्तर दिले, ते गफ्फारने मला सांगितले.

"बनावट करणाऱ्याच्या तोंडचं वजन तो पुस्तकात लिहीत नाही."

बाहेर कारकुनाने नाणी परत मिळाल्याची पावती म्हणून दोन कागद पुढे केले. मी दोन्हींवर सोनाराची निशाणी, सांडशी, काढली. एक कागद नाण्यांच्या पुरचुंडीत गेला.

नत्थुजीने तो पटवाऱ्याकडून वाचून घेतला. 'गोवर्धन सोनाराने बनावट करून आणलेली एकतीस नाणी परत घेतली.'

"तू बनावट केली?" त्याने विचारले.

"भर घातली."

"मग यावर सांडशी कावून काढली?"

त्याने नाणी दुसऱ्या सोनाराकडून वितळवून घेतली. गोठ जड झाले, माझ्या तोळ्यासकट. पुढे रस्त्यात भेटला की तो म्हणायचा, "चांदी चोख निघाली गा!" पण दुकानाची पायरी चढला नाही. कागदाची गोष्ट सराफ्यात पोचली होती. हळूहळू भांडणारेही यायचे बंद झाले.

त्यानंतर मी अक्षरे शिकलो. पंचेचाळिशी उलटली होती. देवळाच्या पुजाऱ्याने पाटी देताना तोंड फिरवून हसून घेतले. जुळवून लिहिता येऊ लागले, तशी एकतीस वजने ओळीने लिहिली आणि कागद घेऊन अकोल्याला गेलो.

कापसाचा भाव कधीच बसला होता. साहेब विलायतेला गेलेला, बंगल्याला कुलूप. गफ्फार आता सरकीचे दुकान चालवत होता. त्याने माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"बरोबर असतील, भाऊ," तो म्हणाला.

माझ्या काट्याला पूर्वी कोणी 'असतील' म्हणत नसे.