गोड आणि सुरेल

"गोड म्हण, खणखणीत म्हण, काय वाटेल ते म्हण. पण कुणाला सुरेल म्हणण्याआधी नीट कान देऊन ऐक." आई शिकवताना हे हमखास सांगायची. तिच्या मागे गाण्याचा वर्ग थोरली लेकच चालवत होती, आणि हा शब्द इतका जपून वापरायची की मुली आपसांत म्हणत, "बाईंकडून सुरेल ऐकायचं तर पुढचाच जन्म घ्यावा लागेल."

खरं दुखणं वेगळंच होतं. आईने घरात तो शब्द एकीलाच दिला होता, धाकटीला. थोरलीच्या वाट्याला कायम, "गोड गातेस गं." अजूनही कुणी तिला गोड म्हटलं की ती विषय बदलायची.

घशाच्या ऑपरेशननंतर धाकटी पहिल्यांदाच वर्गावर आली, मुली जमायच्या आधी.

"ताई, सूर राहिलाय की गेला, माझं मलाच कळत नाही. घरी विचारावं तर ह्यांना कुकरची शिट्टीसुद्धा छान वाटते. गेला असेल तर गाणं आजपासून बंद. खरं सांगशील?"

"सांगेन की."

"वचन दे."

"दिलं."

थोरलीने पेटीवर षड्ज धरला. धाकटी गायली. आवाज पार फाटला होता, गोडवा नावालाही उरला नव्हता. पण प्रत्येक स्वर जिथे लागायचा तिथेच लागत होता, ना केसभर वर, ना केसभर खाली. देवाने नेतानासुद्धा हिचं नेमकं तेवढं ठेवलं, थोरलीच्या मनात आलं, आणि तिचे कान तापले.

"गोड आहे," ती म्हणाली.

धाकटीही त्याच आईची लेक. काय म्हटलं नाही, ते तिला बरोबर ऐकू आलं. तिने गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला.

"बरं झालं बाई, स्पष्ट बोललीस. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

ती थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्या हातात राग नव्हता, आणि तेच थोरलीला सोसेना. जन्मभर हवा होता तो शब्द आज तिच्या हाती आला होता, घ्यायला नव्हे, द्यायला. तोही तिने मुठीत दाबून ठेवला.

मुली येऊ लागल्या होत्या.

"बाई, आज काय घ्यायचं?"

"षड्ज लावून बसा. मी आलेच."

"कुठे निघालात?"

"बहिणीला एक सांगायचं राहिलंय."

तिने पेटी मुलींकडे सरकवली, पायात चपला घातल्या आणि कठडा धरून जिना उतरू लागली.