मनगटावरची काकी

अमिषाच्या पाचव्या वाढदिवसाला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, किशोरीताईंनी, पनवेलहून घड्याळ पाठवलं. सिमकार्डाचं. त्यातून काकीशी बोलता येतं आणि पोर कुठे आहे ते काकीला नकाशावर दिसतं.

तेव्हापासून माझी लेक काकीचीच झाली. "काकी, मी बालवाडीत पडले." गुडघा माझ्यासमोर, फुंकर पनवेलहून. रेवस बंदरावर कोळणीसमोर उभं राहूनही हिचं चालू, "काकी, बोंबील घेऊ की कोलंबी?"

माझ्यामागे काय बोलतात दोघी? ऐकायचंच ठरवलं. काकीकडचं ॲप माझ्या फोनवर घेतलं. त्याने खोक्यावरचा कोड मागितला. खोकं कधीच कचऱ्यात गेलेलं. पण भावकीच्या ग्रुपवर फोटो होता ना! ओवाळणीच्या ताटाशेजारी साऱ्या भेटी मांडलेल्या. पुढे माझ्या आईने दिलेले चांदीचे पैंजण, मागे काकीचं खोकं. त्यातूनच कोड मिळाला. पासवर्ड एक ते सहा आकडे टाकून पाहिला, तर लागलासुद्धा!

नकाशावर अमिषा शेजारच्या अंगणात. खाली जोडलेले नंबर. काकीचा, माझा आणि आणखी एक.

मी ताईंना फोन लावला. "हा तिसरा नंबर तुमच्याकडचा, दादांचा का?"

"नाय गं. कोणाचा हाय? आणि तू कशी शिरलीस आत?"

"ग्रुपवरच्या फोटोतून."

"म्हणजे कोणीही शिरेल! ग्रुपातली निम्मी माणसं तर कोण कोणाची, ते पण ठाऊक नाय. कोणी टाकला तो फोटो?"

"मी. पण पासवर्ड तुम्ही बदलायचा ना, ताई!"

"बदलायचा असतो हे मला कोण सांगणार?" मग हळूच, "पैंजण दाखवायचे होते ना तुला?"

"आता काय करायचं ते सांगा."

"नंबर टिपून ठेव. सकाळी येते, पोलिसांत जाऊ. आधी पोरीला घरात घे."

मी धावत गेले. अंगणात अमिषा एकटीच भातुकली मांडून बसली होती. उचलून घरी आणली, घड्याळ सोडवून बंद केलं. तिने भोकाड पसरलं, "मला काकी पायजे!"

शेवटी माझाच फोन लावून दिला. स्पीकरवर. जागची हलले नाही.

"काकी, आईने घड्याळ काढलं!"

"बरं केलं बाय. आईचं ऐकायचं."

रडणं तिथल्या तिथे थांबलं. लेक मुकाट माझ्या कुशीत शिरली. मी तिला घट्ट धरलं, पण आत जळत राहिलंच. माझं ऐक, हेही तिला काकीनेच सांगावं लागलं.