कपाटावरचं अंडं

काकूंच्या कपाटावर एक अंडं होतं. दगडाचं, मुठीएवढं, तपकिरी. कुठल्याशा इमारतीचा पाया खणताना काकांनी ते उचलून आणलं आणि मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगितलं, "डायनासोरचं आहे. आत पिल्लू असणार." काका गेले, तरी काकू आंघोळ झाली की आधी ते पुसायच्या, मग चहा टाकायच्या.

थोरल्या दिरांच्या लेखी तो नुसता धोंडा. जेवायला आले की मुद्दाम तोच काढायचे, त्याने अक्रोड फोडायचे आणि म्हणायचे, "आमच्या धाकट्याने जन्मात एवढंच कमावलं." काकू मुकाट्याने टरफलं गोळा करायच्या. उलट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मनातल्या मनात त्या जे म्हणत, ते मात्र इथे लिहिण्यासारखं नाही.

दिरांचाच मुलगा संग्रहालयात जीवाश्म साफ करायच्या कामाला होता. तिथे नवं दालन उघडणार असं कळलं, तशा काकू अंडं पिशवीत घालून त्याच्याकडे गेल्या. काकांचं नाव एकदा काचेच्या पेटीत लागलं की दिरांची बोलती बंद, एवढीच त्यांची इच्छा.

पुतण्याने अंडं हातात घेतलं आणि सरळ चाटलं.

"अरे, हे काय?"

"आमची रीतच आहे, काकू. हाडात बारीक भोकं असतात, दगड झाला तरी राहतात. त्याला जीभ चिकटते." त्याने पुन्हा चाटलं. "चिकटतेय की."

मग एका बाजूला टवका उडाला होता, तिथे त्याने भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. भिंग खाली ठेवलं, नळापाशी गेला आणि खळखळून चूळ भरली. एकदा, मग आणखी एकदा.

"काकू, तू बस जरा. हे अंडं नाही. आत माशांचे खवले आहेत, काट्यांचा चुरा आहे. मगरीसारख्या कुणीतरी मासे खाल्ले, आणि मग... पोटातून जे बाहेर पडतं ते."

"म्हणजे शी."

"शास्त्रात त्याला बरं नाव आहे."

"असेल. पण मी ती आंघोळ करून पुसत होते."

"आता ती शी कुठे राहिलीय? चिखलात पटकन गाडली गेली, वर गाळाचे थर बसले. पाण्यातले क्षार झिरपत राहिले आणि हळूहळू दगड झाला. हाडांचंही असंच होतं. कधी शिंपला विरघळून जातो, नुसता साचा उरतो. कधी पानाचा ठसा मिळतो, कधी पावलाचा. कधी झाडाच्या चिकात अडकलेला अख्खा डास."

"आणि आमच्या वाट्याला हे."

"अगं, हाडं आमच्याकडे पोत्यांनी पडलीत. हे मऊ, पावसात विरघळायचं, नाहीतर किडे खाऊन टाकायचे. टिकलं हेच नवल. शिवाय कोण काय खात होतं, ते यातून कळतं. साहेब एका पायावर तयार होतील. फक्त पाटीवर काकांचं नाव लावायचं का, ते तू सांग."

काकूंनी तो दगड जवळ ओढला. माणूस आयुष्यभर पिल्लाच्या नावाने मिरवला, आणि आता त्याचं नाव या असल्या वस्तूखाली? वर बसून ते काय म्हणतील? त्यांनी टवक्यावरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं.

"हा कशाने उडाला रे?"

"बाबांचे अक्रोड. टवका उडाला म्हणून तर आतलं दिसलं."

काकूंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "लाव नाव. आडनावासकट लाव."

दालन उघडलं त्या दिवशी दीर इस्त्रीचा कोट घालून आले. पेटीवर वाकून त्यांनी पाटी वाचली आणि चार माणसं वळून बघतील असे हसले.

"बघितलंत? आमच्या धाकट्याने घरात आणून ठेवली ती शी."

"हो ना, भावोजी," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्ही इतकी वर्षं तिनेच अक्रोड फोडून खाल्लेत."

दिरांचं हसणं तोंडातच राहिलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे बघत होता.

बाहेर चहाबरोबर केक ठेवला होता, वर अक्रोडाचे तुकडे पेरलेला. दिरांनी नको म्हटलं. काकूंनी त्यांचाही घेतला.