डाव्या मनगटाचा एक्स-रे

क्लबचं पत्र ताईच्या फोनवर आलं तेव्हा ती एका वयस्कर पेशंटला श्वास रोखून धरायला सांगत होती. छातीचा एक्स-रे निघाला, आजोबा शर्टाची बटणं लावत बाहेर गेले, मग तिने पत्र उघडलं. सोळा वर्षांखालच्या संघासाठी निवडलेल्या चौदा मुलांची वयाची तपासणी येत्या गुरुवारी. डाव्या मनगटाचा एक्स-रे. आणि तपासणीसाठी जे हॉस्पिटल ठरवलं होतं, त्याच हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात ती गेली सात वर्षं नोकरी करत होती.

तिने पत्र दोनदा वाचलं. पुढच्या पेशंटला हाक मारायची राहूनच गेली.

तिचा धाकटा भाऊ त्या चौदांतला एक. चेंडू पायात आला की तो गर्रकन स्वतःभोवती वळून दोघातिघांना मागे टाकायचा, म्हणून मैदानावर सगळे त्याला भिंगरी म्हणत. हळूहळू घरातही तेच नाव पडलं. वडील गेल्यावर घर आई आणि ताई दोघींनी मिळून ओढलं, पण भिंगरीचा खेळ एकट्या ताईने. कुठल्या स्पर्धेला उतरायचं, कुठली सोडायची, कोणाचा फोन घ्यायचा, कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं, सगळं तिच्याकडे. दोन लहान क्लबांनी एकाच महिन्यात त्याला मागणी घातली, तेव्हा आई म्हणाली होती, "आपण मुलाचं बघतोय की मुलीचं?" ताईने दोघांनाही नकार कळवला. एकाला तो शाळा सोडून हवा होता, दुसऱ्याला सुजलेल्या घोट्यासकट. "तू पाय सांभाळ, बाकी मी सांभाळते," असं ती भावाला म्हणायची, आणि त्याने कधी मागे वळून विचारलं नाही की बाकी म्हणजे काय काय.

कागदावर भिंगरी पावणेसोळा वर्षांचा होता. खरं तर तो साडेसतरा वर्षांचा होता.

हे फक्त तिला आणि आईला ठाऊक होतं. वडिलांच्या आजारपणात दीड-दोन वर्षं पोराला कोणी शाळेत घातलंच नाही. ते गेले, बिऱ्हाड नव्या गावात आलं, तर तिथल्या शाळेत म्हणाले, एवढ्या मोठ्या मुलाला पहिलीत घेत नाही, वरच्या वर्गात बसवा. वरच्या वर्गात बसून तो काय करणार, त्याला साधी अक्षरओळख नव्हती. अंगाने किरकोळ होता, सहा वर्षांचा म्हणून सहज खपला असता. आईने तारीख सांगितली आणि अठराव्या वर्षात असलेल्या ताईने ती फॉर्मवर लिहिली. सात-आठ वर्षांच्या पोराला वय म्हणजे आई सांगेल तो आकडा. तो मोठा होत गेला तसा तोच आकडा त्याचा झाला. तेव्हा फुटबॉल कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

पहिल्या स्पर्धेला शाळेचा दाखला मागितला, तेव्हा ताईचा हात अडखळला होता. पण तो एवढा नाचत घरी आला होता की तिने दाखला जोडून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खरं सांगायची वेळ दरवर्षी यायची आणि दरवर्षी निघून जायची.

मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढत्या वयात एक बारीक फट दिसते. वय वाढेल तशी ती बुजत जाते. पंधरा वर्षांच्या मुलाची फट स्पष्ट दिसते, सतराच्या पुढे बहुधा तिची नुसती खूण उरते. अशी शेकडो मनगटं ताईने पाहिली होती. भावाचं मात्र कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळलंच होतं.

सोमवारी क्लबचा माणूस तारखेची व्यवस्था बघायला हॉस्पिटलमध्ये आला. गावोगावच्या मैदानांवर फिरून पोरं हेरायचं त्याचं काम, म्हणून पोरं त्याला दुर्बीणकाका म्हणत. भिंगरीला त्यानेच हेरलं होतं. त्याने ताईला जिन्यापाशी गाठलं.

"गुरुवारी ड्यूटी तुमचीच आहे ना?"

"हो. पण मी बदलून घेणार आहे. भाऊ आहे माझा, बरं दिसत नाही."

"कशाला बदलता? घरचं माणूस असलं की पोरं घाबरत नाहीत." तो जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत राहिला. "ताई, मी वीस वर्षं पोरं बघतोय. खांदे बघितले, मिसरूड बघितली की मला अंदाज येतो. मी काही विचारत नाही आणि तुम्ही काही सांगू नका. एवढंच म्हणतो, चौदा पोरं, चौदा फोटो. गर्दीत एखाद्याचा नंबर इकडचा तिकडे झाला तर कोण बघायला बसलंय?"

"आणि ज्याचा तिकडे जाईल त्याचं काय?"

"त्याचं नशीब. तुमचा पोरगा वरपर्यंत जाईल, दुसरा कदाचित जाणारही नाही." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "मी काही बोललो नाही हं."

त्या दिवशी ताईने दोघांचे एक्स-रे पुन्हा काढले, कारण पहिले हलले होते. हलले पेशंट नव्हते, तिचं लक्ष हललं होतं.

संध्याकाळी भिंगरी सरावाला गेलेला असताना तिने आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतल्यावरही तिचे हात थांबले नाहीत.

"आपण कोणाचं काय चोरलं?" आई म्हणाली. "पोराला शाळेत घातलं, एवढंच केलं."

"तेव्हा नाही चोरलं. आता चोरतोय. दर वर्षी एका मुलाची जागा."

"तू मला शिकवू नकोस. तुझ्या हातात असताना तू त्याचं वाटोळं केलंस तर तो जन्मात तुझं तोंड बघणार नाही." आईने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आणि मीही काय सांगू त्याला? की तुझ्या आईने तुझं वय खाल्लं?"

ड्यूटी बदलून मिळाली नाही. दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती. बुधवारी ताईने ठरवलं की भावाला आधी सांगायचं. तो बूट पुसत बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"ताई, मनगट बघून फुटबॉलमधलं काय कळतं गं यांना?" तो हसत म्हणाला. "पाय बघायचे सोडून."

"झोप वेळेवर," एवढंच ती म्हणाली आणि उठली. स्वतःचा इतका राग तिला यापूर्वी कधी आला नव्हता.

गुरुवारी दहा वाजता मुलं रांगेत उभी राहिली. क्लबच्या जर्सी, एकमेकांना कोपरखळ्या, दबक्या आवाजात थट्टा. ताईने यादीप्रमाणे नंबर घेतले. प्रत्येकाचा डावा तळवा पाटीवर सपाट ठेवायचा, बोटं किंचित फाकवायची, काचेमागे जाऊन बटण दाबायचं. संगणकाच्या पडद्यावर हाडं उमटायची. एक, दोन, तीन. सगळ्यांच्या फटी ठळक. आठ नंबरचा मुलगा लुकडा होता, त्याचा हात थरथरत होता.

"दुखतं का, मॅडम?"

"काही कळतसुद्धा नाही. हात एवढा का कापतोय?"

"मी रात्रीपासून काही खाल्लं नाही. कोणीतरी म्हणालं उपाशीपोटी यायचं असतं."

"तुला कोणीतरी बनवलं," ती म्हणाली. रांगेत हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने भिंगरी हसला. त्यानेच बनवलं होतं.

मग तो स्वतः आत आला. नंबर नऊ. तिने त्याचा हात धरून पाटीवर ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तो हात आता तिच्या हातापेक्षा मोठा होता. तिने बटण दाबलं.

पडद्यावर चित्र उमटलं. फट नव्हती. जिथे ती असायला हवी होती तिथे पांढुरकी, धाग्याएवढी खूण होती. शेजारच्या चौकोनात आठ नंबरचं मनगट होतं, स्वच्छ उघडी फट घेऊन. एका चित्रावरचा नंबर खोडायचा, दुसरा घालायचा, आणि उलट. पाच सेकंदांचं काम. तिच्याबरोबरचा मदतनीस कागद आणायला खाली गेला होता. दाराच्या काचेतून दुर्बीणकाका दिसत होता. त्याने मुद्दाम पाठ फिरवली.

ताईने माउसवर हात ठेवला. नंबराच्या रकान्यात खरोखरच एकदा क्लिक केलं. नऊचा आकडा निळा झाला. बाहेर आठ नंबरला कोणीतरी बिस्किटाचा पुडा दिला होता आणि तो उभ्यानेच खात होता. उद्या त्याच्या घरी कोणीतरी सांगेल की तुमचा मुलगा वयाने मोठा आहे, तुम्ही खोटारडे आहात. त्याची आई शपथा घेईल. कोण ऐकणार?

तिने रकान्याबाहेर क्लिक केलं, आकडा होता तसा राहू दिला आणि चित्र मोठ्या डॉक्टरांकडे पाठवून दिलं. मग भावाला पडद्यापाशी बोलावून दार लावलं.

"काय झालं? हललं का?"

"नाही. हे बघ." तिने पडद्याकडे बोट केलं. "हा तुझा हात. हा बाकीच्यांचा. तुझं हाड पूर्ण वाढलंय. तू पावणेसोळाचा नाहीस. साडेसतराचा आहेस. शाळेच्या फॉर्मवर तारीख मी लिहिली होती."

तो पडद्याकडे बघत राहिला. तिला वाटलं होतं तो ओरडेल.

"म्हणजे इतकी वर्षं मी लहान पोरांशी खेळत होतो."

"हो."

"मग मी चांगला खेळतो की नुसता मोठा आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"हे बदलता आलं असतं?"

"आलं असतं."

"तू बदललं नाहीस."

"नाही. बदललं असतं तर तुझं मनगट त्या आठ नंबरच्या नावावर गेलं असतं."

त्याने दार उघडलं. रांगेतल्या कोणाकडेही न बघता तो चालत बाहेर गेला. दुर्बीणकाकाने ताईकडे एकदा बघितलं, काय ते समजला, आणि पुन्हा कधी तिच्याशी बोलला नाही.

अहवाल येण्याआधीच ताईने क्लबला स्वतः लिहून कळवलं. जुन्या गावाला जाऊन, ज्या हॉस्पिटलात भिंगरी जन्मला तिथली नोंद काढून आणली. महिन्याने फुटबॉल संघटनेच्या कचेरीत चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघं बसले होते.

"मुलाला हे माहीत होतं?" मधल्याने विचारलं.

"नाही. फॉर्म माझ्या हातचा आहे. पुढचे सगळे कागद मीच जोडले. जी काय शिक्षा असेल ती मला द्या."

"तुम्ही खेळत नाही, बाई. तुम्हाला काय शिक्षा देणार?"

निकाल लागला: दोन वर्षं वयोगटाच्या कुठल्याही स्पर्धेत खेळता येणार नाही. मोठ्यांच्या खुल्या लीगला हरकत नाही. क्लबने नाव काढून टाकलं. त्याच्या जागी आलेला मुलगा कोण, हे ताईने विचारलं नाही.

घरात भिंगरी आईशी बोलायचा, ताईशी नाही. ताट वाढलं तर जेवायचा, ती खोलीत आली की उठून जायचा. बूट पलंगाखाली गेले. आई दिवसातून एकदा तरी ताईकडे बघायची, 'सांगितलं होतं ना' अशा नजरेने. पण एके सकाळी तिनेच मुलाला समोर बसवलं आणि तारीख आपण सांगितली होती, लिहिणारी ताई तर तेव्हा पोरच होती, हे कबूल केलं. भिंगरी ऐकून घेऊन निघून गेला. संध्याकाळी बूट पलंगाखालून बाहेर आले होते.

त्याने स्वतःच बस डेपोच्या संघाकडे जाऊन विचारलं. खुल्या लीगच्या तळाशी असलेला तो संघ. मेकॅनिक, ड्रायव्हर, तिशी-पस्तिशीची माणसं. कप्तान टायर विभागातला, मानच दिसत नाही असा आडदांड गडी. त्याने भिंगरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ये. मार खायची तयारी ठेव."

पहिल्या सामन्यात तो गर्रकन वळला आणि समोरच्या ड्रायव्हरने त्याला सरळ आडवा केला. दुसऱ्यांदा वळला, दुसऱ्यांदा आडवा. ताई कुंपणाबाहेर, त्याला दिसणार नाही अशी उभी होती. आतापर्यंत त्याच्यापुढे कच्ची पोरं होती; ही माणसं हटत नव्हती. अर्ध्या वेळेला कप्तानाने त्याला बाहेर बसवलं. दुसऱ्या सामन्यात वीस मिनिटं मिळाली. तिसऱ्यात एकही नाही.

चौथ्या सामन्यात शेवटच्या अर्ध्या तासाला तो आत गेला. या वेळी तो वळला नाही. चेंडू आला की एका स्पर्शात पुढे द्यायचा आणि मोकळ्या जागेत पळायचा. चारपैकी तीन वेळा चुकलं, कप्तानाने आई-बापाचा उद्धार केला. चौथ्या वेळी चेंडू त्याच्याकडे परत आला आणि तो माणसांच्या मधून, कोणाला धक्का न देता, निघून गेला. मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. डेपोवाले हरले.

सामना संपल्यावर तो थेट कुंपणाशी आला. ती तिथे असते हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ओठ सुजला होता, गुडघ्यावर माती आणि रक्त.

"पट्टी आहे?" त्याने विचारलं.

तिने पर्समधून कापूस आणि पट्टी काढली. तो कुंपणाच्या कठड्यावर बसला, ती खाली वाकून गुडघा पुसू लागली.

"तो चार नंबरवाला उजवीकडे हळू वळतो," तो म्हणाला. "मला उशिरा कळलं. पहिल्यापासून त्याच्या अंगावर जायला हवं होतं."

"हूं."

"कप्तान म्हणाला, अजून कच्चा आहेस, पण बुधवारपासून रोज ये." त्याने सुजलेल्या ओठावरून बोट फिरवलं. "सहाला सराव आहे. तू येऊ नकोस. माझं मी बघतो."

"बरं," ताई म्हणाली आणि पट्टीची गाठ जरा घट्ट केली. तो कळवळला, पण त्याने पाय मागे घेतला नाही.